अमेरिकेला जाणारा हापूस आणि कोबाल्ट-६० : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातला हापूस किंवा गुजरातचा केसर अमेरिकेला निघाला की वाटेत त्याला जाड काँक्रीटच्या एका खोलीतून जावं लागतं. त्या खोलीत कोबाल्ट-६० हा गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी धातू असतो. ही वाट २००७ मध्ये सुरू झाली. अणुविज्ञानाच्या शांततामय वापरासाठी देशादेशांत होणारं सहकार्य सामान्य माणसाला जिथे सरळ हातात धरता येतं, अशा मोजक्या ठिकाणांपैकी ही एक. खालचे प्रश्न बागायतदार, नवे निर्यातदार आणि तिकडे पेटी विकत घेणारे असे तिघेही विचारतात.

आंब्यावर किरण सोडतात ते तो टिकावा म्हणून का?

नाही. ते किडीसाठी. पिकणं काही दिवस लांबतं हा जोडीला मिळणारा फायदा, आणि तोही दरवेळी सारखा मिळत नाही.

अमेरिकेला भीती दोन किडींची. एक फळमाशी, दुसरा कोयकिडा. फळमाशी सालीखाली अंडी घालते. कोयकिड्याचं प्रकरण अधिक अवघड. मादी लहान कैरीवर अंडी घालते, अळी गरातून कोयीत शिरते, फळ वाढताना तिची वाट बुजून जाते. बाहेरून फळ निर्दोष दिसतं आणि आत कोयीत भुंगा तयार होत असतो. धुऊन, पुसून, निवडून तो सापडत नाही. गरम पाण्याने फळमाशीचा बंदोबस्त होतो. पण कोयीच्या आत भरवशाने पोहोचेल एवढी उष्णता दिली तर आंबा शिजायला लागतो. गॅमा किरणांना साल, गर, कोय सगळं सारखंच. फ्लोरिडात आंब्याच्या बागा आहेत आणि तिथे हा किडा नाही, म्हणून ही खबरदारी.

पूर्वी अशा फळांना ईडीबी नावाच्या रसायनाची धुरी देत. ते कर्करोगकारक ठरल्यावर अमेरिकेने १९८० च्या दशकात ती धुरी बंद केली. भारतीय आंबा १९८९ पासून तिथे जाईनासा झाला तो थेट एप्रिल २००७ पर्यंत.

आंबा किरणोत्सारी होतो का?

होत नाही. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अणुकेंद्रातून न्यूट्रॉन सुटून पदार्थ किरणोत्सारी व्हायचा तर याहून जास्त ऊर्जा लागते. अगदी सहज फुटणाऱ्या बेरिलियमलाही सुमारे १.६७ लागते, जड हायड्रोजनला २.२, आणि अन्नातल्या बहुतेक मूलद्रव्यांना त्याच्या कितीतरी पट. म्हणून अन्नासाठी कोणते स्रोत चालतील याची यादीच जगभर ठरलेली आहे : कोबाल्ट-६०, सीझियम-१३७, ५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे क्ष-किरण आणि १० पर्यंतचे इलेक्ट्रॉन. स्रोत स्टीलच्या दुहेरी नळ्यांत बंद असतो. पेटी त्याच्या समोरून जाते, त्याला शिवत नाही.

४०० ग्रे म्हणजे नेमकं किती?

अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. एक किलो पदार्थात एक जूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ४०० ग्रेने आंब्याचं तापमान जेमतेम ०.१ अंशाने वाढतं. म्हणून याला थंड प्रक्रिया म्हणतात.

यावरून हा आकडा क्षुल्लक समजू नका. माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे बसले तर उपचारांविना जीव जाऊ शकतो. ऊर्जा थोडी असली तरी ती पेशीतल्या डीएनएवर नेमकी घाव घालते. किडीची वाढ थांबते ती त्यामुळे, आणि खोलीच्या दाराला इतकी कुलपं असतात तीही त्यामुळे.

४०० हाच आकडा का? तो कोणी ठरवला?

आकडा कागदावर अमेरिकेने आणला, पण त्यामागचं काम अनेक देशांचं आहे. अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांचा संयुक्त विभाग १९६४ पासून चालतो. त्याने वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना एकाच पद्धतीने किडींवर मात्रा तपासायला लावलं. पूर्वी प्रत्येक फळ आणि प्रत्येक कीड यांची जोडी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागे, त्यात वर्षं जात. या कामातून लक्षात आलं की मात्रा किडीवर ठरते, फळावर नाही. मग आंबा असो की पेरू, फळमाशीला १५० ग्रे पुरतात. फुलपाखरं-पतंगांचे कोष आणि प्रौढ वगळता बाकी सर्व कीटकांना ४०० ग्रे पुरतात. अमेरिकेने या सरसकट मात्रा २००६ मध्ये नियमात घातल्या. भारताच्या आंब्यावर कोयकिड्यासह बऱ्याच किडींचा संशय, म्हणून त्याला ४००.

वरची मर्यादा १००० ग्रे. ताज्या फळांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची हद्द तीच आणि आपल्याकडेही परदेशी किडींच्या बंदोबस्तासाठी फळांना तीच. पेटीतला सर्वांत कमी किरण मिळालेला आंबा ४०० च्या खाली नको आणि सर्वांत जास्त मिळालेला १००० च्या वर नको. सगळा खटाटोप या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत बसण्याचा आहे.

प्रक्रिया झालेल्या आंब्यात जिवंत अळी सापडली तर? म्हणजे किरण वाया गेले का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो फार कमी लोक विचारतात.

४०० ग्रेने अळी तिथल्या तिथे मरेलच असं नाही. ती काही दिवस वळवळू शकते. पण तिची पुढची अवस्था येत नाही, आणि प्रौढ झालीच तर प्रजा होत नाही. किडीला नव्या देशात वंश वाढवू न देणं एवढंच या प्रक्रियेचं उद्दिष्ट. वनस्पती-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या १८ क्रमांकाच्या मानकात, २००३ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. धुरी दिलेल्या मालात अधिकारी अळी शोधतो. जिवंत दिसली तर माल नापास. किरण दिलेल्या मालात ती कसोटीच चालत नाही. आंबा कापून, हुंगून, चाखून त्याला ४०० ग्रे मिळाले की नाही हे बंदरावर सांगता येत नाही. फळावर कुठलीही खूण राहत नाही. पुरावा उरतो तो मोजमापाच्या नोंदीत. दुसऱ्या देशातल्या कोणीतरी केलेली मोजणी खरी मानायची, हा विश्वास तयार करण्यासाठीच एवढ्या संस्था, मानकं आणि करार लागले.

मग मात्रा मोजतात कशी? आणि चुकते कुठे?

सुरुवातीला मात्रेचा नकाशा काढतात. ज्या पेटीत, ज्या वजनाने, ज्या रचनेत माल जाणार, त्याच रचनेत ठिकठिकाणी मात्रामापक ठेवून एक पूर्ण फेरी करतात. त्यातून कुठे सर्वांत कमी आणि कुठे सर्वांत जास्त पडते हे कळतं. कमी मात्रा बहुधा पेट्यांच्या गठ्ठ्याच्या मध्यावर, जास्त मात्रा स्रोताकडच्या बाजूला. या दोहोंचं गुणोत्तर २.५ च्या आत बसायलाच हवं, कारण १००० भागिले ४०० म्हणजे २.५. मोजण्यातली अनिश्चितता धरली की प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी लागतं. नेम ठीक ४०० वर धरला तर निम्म्या वेळा खाली जाल. म्हणून तो थोडा वर धरतात.

नकाशा झाल्यावर रोजच्या मालात प्रत्येक ठिकाणी मापक ठेवावे लागत नाहीत. हाताला सहज लागणारी एक संदर्भ जागा ठरवतात आणि तिथल्या आकड्यावरून आतला आकडा काढतात.

मापकाची निवडही पाहावी लागते. फेरस सल्फेटचं फ्रिक द्रावण जुनं आणि विश्वासू, पण ते साधारण ४०० ग्रेपर्यंतच चालतं. आपलं काम सुरू होतं तिथे ते थांबतं. म्हणून अलॅनिन किंवा सेरिक-सेरस अशी द्रव्यं वापरतात. आपला मापक खरं बोलतो का हे तपासायला अणुऊर्जा संस्थेची एक टपालसेवा १९८५ पासून आहे. व्हिएन्नाहून अलॅनिनचे मापक येतात, केंद्र त्यांना ठरलेली मात्रा देऊन परत पाठवतं, तिकडे वाचून फरक कळवतात. दिसायला साधी सोय. मला विचाराल तर या साऱ्या सहकार्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

आता चुका. पेटीचा आकार किंवा पुठ्ठ्याची जाडी बदलली आणि नकाशा जुनाच राहिला. पेटीत डझनाऐवजी मोठी दहा फळं भरली, वजन आणि मधल्या पोकळ्या बदलल्या. शेवटची खेप अर्धी भरली, रिकाम्या बाजूच्या पेट्यांना जास्त मात्रा बसली. आणि सर्वांत साधी चूक म्हणजे घड्याळ. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत दर महिन्याला सुमारे १ टक्का आणि वर्षाला १२ टक्क्यांहून थोडा जास्त दुबळा होतो. मागच्या हंगामाची वेळ या हंगामात लावली तर आठवा भाग मात्रा कमी पडेल.

केंद्राच्या आत काय घडतं?

इमारतीला दोन बाजू असतात. एका दाराने प्रक्रिया न झालेला माल येतो, दुसऱ्या दाराने झालेला जातो, मध्ये भिंत किंवा जाळी. झालेला आणि न झालेला माल दिसायला एकच, म्हणून ही भिंत आग्रहाने पाळली जाते.

स्रोत वापरात नसताना सुमारे ६ मीटर खोल पाण्याच्या हौदात असतो. पाणीच ढाल. वरून डोकावलं तर निळसर उजेड दिसतो. माल खोलीत शिरला की स्रोताची चौकट वर येते, पेट्या वाहकावरून तिच्याभोवती ठरलेल्या वेगाने फिरतात आणि दोन्ही बाजूंनी किरण मिळतील अशा वळतात. भिंती दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या, आणि आत जायची वाट नागमोडी, कारण किरण सरळ जातात. हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन तयार होतो, म्हणून स्रोत खाली गेल्यावरही पंख्याने हवा बदलल्याशिवाय आत जात नाहीत.

लासलगावचं कृषक केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्य केलेलं ते अमेरिकेबाहेरचं पहिलं कोबाल्ट-६० केंद्र. नंतर वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आलं; मुंबई विमानतळ आणि न्हावा-शेवा बंदर हाताशी असल्याने आता कोकणचा माल मुख्यतः तिकडे जातो. बंगळुरूजवळ आणि गुजरातेत बावळ्यालाही मान्यताप्राप्त केंद्रं आहेत.

बागेत आणि पॅकहाऊसमध्ये काय करायला हवं?

पहिली अट नोंदणी. बाग राज्याच्या कृषी विभागाकडे निर्यातीसाठी नोंदलेली हवी, म्हणजे पेटीवरच्या आकड्यावरून बागेपर्यंत मागे जाता येतं. बुरशीच्या काही रोगांबाबत अमेरिकेची वेगळी अट आहे. बागेची तपासणी होऊन ती रोगमुक्त ठरावी, किंवा हंगामात बुरशीनाशक मारून तपासणी व्हावी, किंवा काढणीनंतर फळं बुरशीनाशकात बुडवावीत. यातला कोणता पर्याय घेतला ते आधी ठरवा. पॅकहाऊसला पोहोचल्यावर आठवून उपयोग नाही.

काढणी चौदा आण्यांवर, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला, झेल्याने आणि देठ राखून. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. किरणांनंतर ते डाग अधिक काळे दिसतात. पॅकहाऊसमध्ये प्रतवारी, धुणं, मग साधारण ५० ते ५२ अंशांच्या पाण्यात ३-४ मिनिटं, मग पूर्ण वाळवणं. ओलं फळ पेटीत गेलं तर पुठ्ठा मऊ पडतो आणि पेट्या एकमेकींवर बसल्या की चेपतात.

पेटी कीटकरोधक हवी. हवेची भोकं बारीक जाळीने बंद, झाकणाच्या सांध्यांना टेप. तीन-साडेतीन किलोच्या पेटीवर बाग, पॅकहाऊस आणि केंद्र यांचे क्रमांक, खेप, तारीख, विकिरणाचं हिरवं रादुरा चिन्ह आणि विकिरण प्रक्रिया केल्याची ओळ. तापमान १२-१३ अंशांवर ठेवा. त्याखाली गेलं तर हापूसला थंडी बाधते : साल करडी पडते आणि फळ नीट पिकत नाही.

किरण दिल्यावर आमची फळं डागाळली. मात्रा जास्त झाली का?

होऊ शकतं, पण बहुतेक वेळा कारण आधीचं असतं. १००० ग्रेच्या जवळ गेलेल्या फळावर सालीची छिद्रं तपकिरी दिसतात, साल भाजल्यासारखी होते, गर मऊ पडतो. कोवळ्या फळांना हा त्रास जास्त. एका पेटीत दहा, बारा आणि चौदा आण्यांची फळं एकत्र भरली तर ती तीन वेगवेगळ्या दिवशी पिकतील आणि दोष किरणांना मिळेल.

काळे, पसरणारे ठिपके असतील तर तो करपा. या मात्रेने बुरशी मरत नाही, त्यासाठी गरम पाण्याची पायरी असते. ती घाईत उरकली की न्यू जर्सीच्या दुकानात ठिपके उमटतात. आणि साक्याचं, म्हणजे गरात पडणाऱ्या स्पंजासारख्या भागाचं, म्हणाल तर किरणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. साका झाडावरच होतो. तो किरणांनी वाढतही नाही, जातही नाही.

माल नाकारला जातो तो कशामुळे?

किडीमुळे क्वचित, कागदामुळे अनेकदा. मे २०२५ मध्ये भारतातून विमानाने गेलेल्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडल्या. तक्रार किडीची नव्हती. प्रक्रियेवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सहीचा पीपीक्यू २०३ हा फॉर्म नीट नसल्याचं कारण दिलं गेलं. निर्यातदारांपुढे दोनच वाटा होत्या : माल परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. परतीचं विमानभाडं आंब्याच्या किमतीहून जड, म्हणून आंबे नष्ट झाले. वरच्या जिवंत अळीच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा : फळावर खूण नाही, तेव्हा कागद हाच पुरावा, आणि कागद गेला की आंबा प्रक्रिया न झालेल्या आंब्यासारखाच.

म्हणून विमानात चढवण्याआधी चार गोष्टी जुळवून पाहा. पेट्यांची संख्या सगळ्या कागदांवर एकच आहे का. खेपेचा क्रमांक पेटीवर आणि मात्रेच्या नोंदीत सारखा आहे का. फायटो, म्हणजे वनस्पती-आरोग्याच्या, प्रमाणपत्रावर प्रक्रिया, मात्रा आणि तारीख आहे का. आणि सही झाली आहे का. सही मागाहून मिळेल या भरवशावर माल सोडू नका.

२०२० आणि २०२१ मध्ये आंबा का गेला नाही?

करारानुसार प्रक्रियेच्या वेळी अमेरिकेचा निरीक्षक केंद्रात हजर लागे. करोनामुळे त्याला येता आलं नाही. केंद्र चालू, आंबा तयार, कोबाल्ट जागेवर. एक माणूस नाही म्हणून दोन हंगाम गेले. नोव्हेंबर २०२१ च्या व्यापार बैठकीनंतर ठरलं की देखरेखीचं काम टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे सोपवायचं. त्याच सौद्यात आपल्या डाळिंबांना तिकडे आणि त्यांच्या चेरींना व अल्फाल्फाच्या चाऱ्याला इकडे वाट मिळाली. २०२२ च्या हंगामात आंबा पुन्हा गेला, आणि त्याच वर्षी नवी मुंबईतून प्रक्रिया झालेला एक कंटेनर समुद्रमार्गे सुमारे २५ दिवसांत पोहोचला. जहाजाचं भाडं विमानाच्या तुलनेत अगदी कमी. अडचण एवढीच की काढणी, तापमान आणि पक्वता यांत एका दिवसाचीही ढिलाई चालत नाही.

आंबा अणुकराराच्या बदल्यात मिळाला, हे खरं का?

२००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा अणुसहकार्य आणि आंबा दोन्ही चर्चेत होते, म्हणून परदेशी वर्तमानपत्रांनी गमतीने दोन्हींची सांगड घातली. आंबा २००७ मध्ये गेला, नागरी अणुकरार २००८ मध्ये झाला. दोहोंची यंत्रणा वेगळी आहे. आंब्याचा करार किडीचा आहे, इंधनाचा नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना भारताची दारं उघडण्याचा विषय मात्र आंब्याला बांधूनच आला होता. व्यापारात असंच चालतं.

अणुऊर्जा संस्थेचा या सगळ्यात खरा वाटा किती?

भाषणांत सांगतात त्याहून कमी आणि लोकांना वाटतं त्याहून जास्त. संस्थेने एकही आंबा पाठवला नाही, आणि बाजार उघडणं तिच्या हातात नव्हतं.

१९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद भरली, होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. दोन वर्षांनी अणुऊर्जा संस्था सुरू झाली. अन्नाच्या बाबतीत पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि त्याचा खर्च एका देशाला पेलणारा नव्हता. १९७० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला एक प्रकल्प सुरू झाला. २४ देशांनी पैसे घालून प्राण्यांवरचे चाचणी-प्रयोग वाटून घेतले. त्या निष्कर्षांवर १९८० मध्ये अन्न व कृषी, अणुऊर्जा आणि आरोग्य या तीन संघटनांच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की सरासरी १० किलोग्रेपर्यंत अन्नाला विषारी धोका नाही. आंब्याची वरची मर्यादा याच्या दहाव्या भागावर आहे. १९८३ मध्ये ते कोडेक्स, म्हणजे अन्नाचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. जागतिक व्यापार संघटना आल्यावर या मानकांना जोर चढला, कारण शास्त्रीय आधाराशिवाय त्यांहून कडक अट लादणाऱ्या देशाला जाब देणं भाग पडलं.

भारताने यात घेतलंही आणि दिलंही. तुर्भ्याचं आयसोमेड, जिथे वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं, ते १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभं राहिलं. पुढे स्रोत बनवणं आणि केंद्रं बांधणं देशातच होऊ लागलं. आशिया-पॅसिफिकच्या १९७२ च्या प्रादेशिक करारातून आपले तज्ज्ञ शेजारी देशांना हेच शिकवतात.

मग हैदराबादच्या गव्हाच्या प्रयोगाचं काय?

तो विसरून चालणार नाही. १९७५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने म्हटलं की ताज्या विकिरणित गव्हावर ठेवलेल्या कुपोषित मुलांच्या रक्तात गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या पेशी वाढल्या. मुलांची संख्या दर गटात पाचच होती. बातमी जगभर गेली आणि विरोधकांच्या हाती आजही तीच असते. सरकारने दोन तज्ज्ञांना आकडे तपासायला दिले : पी. सी. केशवन आणि पुण्याचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. आकड्यांतून तो निष्कर्ष निघत नाही, असं त्यांनी १९७६ मध्ये सांगितलं. इतर प्रयोगशाळांनाही तो परिणाम पुन्हा मिळाला नाही.

क जीवनसत्त्व थोडं घटतं, हे खरं. आंबा आठ दिवस फळीवर पडून राहिला तरी ते घटतंच.

हाच आंबा युरोप किंवा जपानला चालेल का?

नाही. युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं, जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया. कोणत्या देशाची ऑर्डर आहे ते ठरल्याशिवाय फळ कोणत्याही प्रक्रियेत घालू नका.

कोबाल्ट येतं कुठून?

साध्या कोबाल्ट-५९ ची कांडी अणुभट्टीत ठेवतात, न्यूट्रॉन शोषून त्याचं कोबाल्ट-६० होतं. भारतात हे राजस्थानातल्या रावतभाट्यासारख्या वीजभट्ट्यांत होतं, आणि ब्रिट ही अणुऊर्जा खात्याची शाखा स्रोत पुरवते. जगात कोबाल्ट बनवणारे देश थोडे आणि मागणी जास्त, त्यामुळे यंत्राने तयार केलेल्या इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरणांकडे कल वाढतो आहे. यंत्र बंद केलं की किरण बंद, हा त्याचा गुण. वीज गेली की कामही बंद, हा दोष.

अशा केंद्रांत अपघात झालेत का?

झाले, आणि गंभीर. १९८९ मध्ये एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर, १९९० मध्ये इस्रायलमधलं सोरेक, १९९१ मध्ये बेलारूसमधलं न्यास्विझ. तिन्ही ठिकाणी पेट्या किंवा वाहक अडकला, माणूस दुरुस्तीला आत गेला आणि स्रोत साठवणीच्या जागेबाहेर होता. तिन्ही ठिकाणी एकेक जण दगावला. सान साल्वादोर आणि सोरेकला स्रोताची चौकटच अडकलेली होती आणि धोक्याच्या इशाऱ्याला बिघाड समजून बगल दिली गेली. अणुऊर्जा संस्थेने तिन्हींचे चौकशी अहवाल प्रसिद्ध केले, ते नव्या कामगारांना शिकवायला वापरतात.

त्यातून निघालेला नियम साधा : हातात चालू किरणमापक घेतल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि तो मापक व इशाऱ्याचा दिवा यांचं जुळलं नाही तर जो धोका सांगतो तो खरा. आणखी एक, जो प्रशिक्षणात सांगतात आणि हंगामाच्या गर्दीत विसरतात : फुगलेली, फाटलेली पेटी वाहकावर चढवू नका. पुठ्ठ्याचा एक लोंबता तुकडाही वाहक अडवू शकतो.

लासलगावला कांद्यावरही करतात ना? मग सगळा कांदा का करत नाहीत?

ते केंद्र मुळात कांद्यासाठीच बांधलं. कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. कोंबाच्या पेशी विभागायच्या थांबतात. पण ते काढणीनंतर, वाळवणी होताच, सुप्तावस्था संपायच्या आत करावं लागतं. कोंब आत हलला की उशीर झाला. कुजणं आणि वजनातली घट याने थांबत नाही, त्यासाठी चांगली चाळ किंवा शीतगृह लागतंच. लाखो टन कांदा त्या मोजक्या आठवड्यांत केंद्रापर्यंत आणायचा, उतरवायचा, पुन्हा भरायचा, आणि भाव पडला तर तो खर्च कोणी सोसायचा, हे गणित अजून बसलेलं नाही.

मुलीकडे सॅन होजेला जाताना बॅगेत एक डझन नेता येतील का?

नाही. बाजारातून घेतलेल्या आंब्याला ना मात्रा, ना कागद. विमानतळावर काढून घेतात, आणि सांगितलं नसेल तर दंडही होतो. हवाबंद डब्यातला आमरस चालतो, तोही फॉर्मवर लिहून. ताजा हवा असेल तर तिकडच्या भारतीय दुकानात एप्रिल-मेमध्ये रादुरा चिन्हाची पेटी शोधायला सांगा. घरी आणल्यावर ती लगेच फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पेटी उघडून फळं कागदावर पसरायची, रोज एकदा उलटायची, आणि देठाजवळ वास सुटला की मगच गार करायची.